मान्यता नसलेली पदवी

माईच्या नोकरीच्या कागदांवर तिची पदवी कुठेच नाही. शिक्षिका म्हणून तिनं उभा जन्म काढला, पण सेवापुस्तकात ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापुढे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा उल्लेख आहे आणि तिथेच ओळ संपते. त्यानंतरची कॉलेजातली वर्षं, परीक्षा, निबंध, जागून पाठ केलेली टिपणं यांतलं काहीही सरकारदरबारी धरलं गेलं नाही. कारण माई होती जी. ए., म्हणजे गृहीतागमा. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची ही पदवी. या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती 1951 साली, आणि तोवर माईच्या नोकरीची पंधराएक वर्षं उलटून गेली होती.

माई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. दापोलीकडची. दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी कपाळ पांढरं. नवऱ्याचा चेहरा तिला नीट आठवत नसे. आठवायचा तो त्याच्या घरचा माजघरातला झोपाळा आणि त्याची करकर. केस काढण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा माझे आजोबा, म्हणजे तिचे मोठे भाऊ, घरात न विचारता तिला घेऊन निघाले. हर्णैला मचव्यातून आगबोटीवर, आगबोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं पुणं आणि पुण्याहून बैलगाडीनं हिंगणं. हे साल 1925 च्या आसपासचं. ‘अख्ख्या प्रवासात दादा एक अक्षर बोलला नाही गो,’ माई सांगायची. ‘गाडीतून उतरताना फक्त म्हणाला, इथे रडायचं असेल तर रड, पण परत यायचं म्हणू नकोस.’

हिंगण्याची गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर मुरूडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुढे प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर न्यायची वेळ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले आणि 1900 साली तिथे एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर फर्ग्युसनात शिकवत आणि संध्याकाळी चिखल तुडवत चार मैल चालत आश्रमात येत. हे सगळं खरं आहे आणि कितीही वेळा सांगितलं तरी थोडंच आहे. ती झोपडी अजूनही जपून ठेवलेली आहे. मी पाहिली आहे, आणि ती पाहताना कंठ दाटून आल्याशिवाय राहत नाही.

पण या गोष्टीत मुली कुठे असतात? ‘आश्रमात इतक्या विधवा शिकू लागल्या’ एवढ्या एका वाक्यात. त्या सकाळी उठून काय करत होत्या, कशावरून भांडत होत्या, कुणाला इंग्रजी जमत नव्हतं, कोण रात्री उशीत तोंड खुपसून हसत होतं, हे कुठेच येत नाही. मला माईकडून हिंगणं कळलं ते या बाजूनं. त्यामुळे माझ्या डोक्यात महिला विद्यापीठ म्हटलं की आधी देणगीदारांचे तैलरंगातले फोटो येत नाहीत. आधी येतात ते कंदील.

कंदिलांची पाळी हे माईचं आवडतं प्रकरण होतं. संध्याकाळी उजेड असतानाच कंदील पुसून तयार ठेवायचे. ओळीनं ओसरीवर मांडायचे, काचा काढून एका बाजूला, बुडं दुसऱ्या बाजूला. काचेच्या आत हात जाईल अशा बारीक मनगटाच्या मुलींना हे काम हटकून मिळे. माईचं मनगट बारीक. आधी काचेत तोंडाची वाफ सोडायची, मग चाळलेली राख कोरड्या चिंधीवर घेऊन आतून गोल फिरवायची, वरच्या निमुळत्या तोंडाशी जास्त जपून, कारण काजळी तिथे चिकटते आणि काच तडकते तीही तिथेच. मग दुसरी स्वच्छ चिंधी. काच उजेडाकडे धरून बघायची. डाग दिसला तर पुन्हा वाफ. वात कात्रीनं सरळ कापायची. कोपरा राहिला की ज्योत एका अंगानं चढते आणि अर्ध्या तासात काच काळी होते. ‘वात तिरकी कापलीस की तुझ्याच खोलीतल्या मुली तुला शिव्या घालणार, कारण त्यांचं वाचन बुडणार,’ ती म्हणायची. माझ्या लहानपणी गावाकडे वीज गेली की माई कंदील पुसायला बसायची आणि मी तिच्या समोर. त्या वेळी तिचे हात म्हातारे झाले होते, सांधे सुजलेले होते, तरी काच फिरवायची तिची गती तीच होती.

घरी असतानाही तिनं कंदील पुसले होतेच की. मग इथे वेगळं काय? मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘घरी पुसलेल्या कंदिलाखाली दादा वाचायचा.’

दिवस पहाटेच्या घंटेनं सुरू होई. प्रार्थना, झाडलोट, पाणी भरणं, स्वयंपाकघरातली पाळी, मग शाळा. सगळी कामं मुलींनीच वाटून करायची. जेवण साधं. कोकणातून आलेल्या मुलींचं पहिलं दुःख घर सुटल्याचं आणि दुसरं नारळ सुटल्याचं. माईला ज्वारीची भाकरी गिळवेना. कित्येक महिने तिनं ती आमटीत कुस्करून, डोळे मिटून खाल्ली. वऱ्हाडातल्या एका मुलीनं तिला भाकरी तव्यावर फुगवायला शिकवली आणि बदल्यात माईनं तिला तांदळाची पिठी मळून पानगी थापायला शिकवली. केळीची पानं मात्र हिंगण्यात सहज मिळत नसत, म्हणून त्यांनी ती कसल्याशा दुसऱ्याच पानांवर थापली आणि सगळ्या कडवट झाल्या. तरी त्या दोघींनी बसून सगळ्या संपवल्या. ही गोष्ट सांगताना माईला दर वेळी हसू आवरत नसे, आणि ऐकणाऱ्यालाही.

हसण्यावरून आठवलं. माईला हसायला शिकावं लागलं होतं, असं ती म्हणायची. बाराव्या वर्षापासून घरात तिच्या हसण्याकडे सगळ्यांचं लक्ष असे. पाहुणे आले की आई डोळ्यांनी खुणावायची. विधवा मुलगी मोठ्यानं हसली तर लोक काय म्हणतील, ही भीती आईच्या मनातली. ती दुष्ट नव्हती. हिंगण्यात पहिल्या वर्षी नवरात्रात मुलींनी पाटावर हत्ती काढून हादगा मांडला. फेर धरला. माई खांबापाशी उभी राहिली, कारण हादगा कुमारिकांचा, आणि आपण त्यात नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणीतरी येऊन तिचा हात धरला आणि ओढलं. ‘कुणी ओढलं ते कळलं नाही गो, मी खालीच बघत होते. पायच दिसत होते सगळ्यांचे.’ फेरात शिरल्यावर पहिली काही गाणी तिनं नुसते ओठ हलवले. मग खिरापत ओळखायची वेळ आली, आणि तिनं पहिल्या फटक्यात ‘कानोला’ म्हणून ओळखली. सगळ्यांनी गलका केला. त्या दिवशी ती खिरापत ओळखण्यात सगळ्यांत हुशार ठरली आणि पुढे दर नवरात्रात तिला ठरवून शेवटी विचारायचे, म्हणजे खेळ लवकर संपू नये.

मला हा प्रसंग कुठल्याही पदवीदान समारंभापेक्षा मोठा वाटतो. विधवांना शिक्षण मिळालं म्हणजे लिहिणं-वाचणं मिळालं असं आपण समजतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला तिचं चौदावं वर्ष परत मिळालं, याला काय म्हणायचं?

आश्रमात केशवपन झालेल्या बायकाही होत्या आणि केस ठेवलेल्याही. पार्वतीबाई आठवले, गोदूबाईंच्या सख्ख्या बहीण, स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या आणि पुढे ते सोडून दिलेल्या. अक्षरओळखीपासून सुरुवात करून त्यांनी आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. 1918 साली त्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी धड येत नसताना, आणि तिथे घरकाम करत राहिल्या. माईच्या काळात मुलींमध्ये पार्वतीबाईंच्या अमेरिकेच्या कथा फिरत असत. एखादी मुलगी इंग्रजीच्या धड्याला कंटाळली की दुसरी म्हणायची, ‘पार्वतीबाई तिथे जाऊन भांडी घासून बोलायला शिकल्या, तुला इथे बसून येत नाही?’ माईनं हे वाक्य पुढे आयुष्यभर आपल्या विद्यार्थिनींवर वापरलं. माझ्यावरही.

कॉलेजची गोष्ट यानंतरची. 1915 साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे कर्वे अध्यक्ष होते. त्याच सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं हा विचार त्यांनी परिषदेत मांडला. दुसऱ्याच वर्षी, 1916 च्या जूनमध्ये, विद्यापीठ सुरू झालं. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. कॉलेजात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी पाच. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. हिंगण्यात सुरू झालेलं कॉलेज पुढे शहराच्या जवळ एरंडवण्याला आलं. माई तिथे शिकली 1930 च्या पुढेमागे.

या विद्यापीठाचा कणा म्हणजे मातृभाषा. सगळे विषय मराठीतून, गुजराती मुलींना गुजरातीतून. इंग्रजी सक्तीचं, पण एक विषय म्हणून. यावरही वाद झाले. गांधीजींना मातृभाषेचं धोरण मान्य होतं, पण इंग्रजीची सक्ती पटत नव्हती. कर्व्यांनी ती सोडली नाही. मला यात कर्वे बरोबर वाटतात. इंग्रजी येत नसलेल्या बाईला त्या काळात कुणीही सहज गप्प करू शकत होतं, आणि अजूनही करतं.

पण मराठीतून शिकायचं तर पुस्तकं कुठे होती? मानसशास्त्र, आरोग्यशास्त्र, समाजशास्त्र यांवर कॉलेजच्या दर्जाची मराठी पुस्तकं बोटांवर मोजण्याएवढी. प्राध्यापक इंग्रजी ग्रंथ वाचून येत आणि वर्गात मराठीत सांगत. मुली टिपणं घेत. माईची एक वही माझ्याकडे आहे. जांभळ्या शाईतलं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मानसशास्त्राच्या टिपणात ‘अवधान’ हा शब्द खोडून ‘लक्ष’ केलेला, पुढच्या पानावर पुन्हा ‘अवधान’. समासात लिहिलंय, ‘सरांनी आज बदलले.’ एका जागी ‘भावना’ आणि ‘भाव’ यांतला फरक सांगताना उदाहरण म्हणून सासूचं दिलंय. ते सरांचं की माईचं, कळायला मार्ग नाही. त्या वहीतून पान उलटताना दिसतं की एक अख्खा वर्ग मिळून विषयाची भाषा घडवतोय. ते शिक्षण वरून खाली ओतलेलं नव्हतं. शिक्षक आणि मुली एकाच वेळी चाचपडत होते. आणि त्यामुळे असेल, माईला कुठलाही अवघड विचार साध्या मराठीत सांगता यायचा. माझ्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला तिनं डार्विन समजावला होता, कोंबड्यांच्या खुराड्यासमोर उभं राहून.

आता जे मला पटत नाही तेही लिहिते. स्त्रियांचं आयुष्य वेगळं, म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा असावा, अशी कर्व्यांची धारणा होती. घर, मुलं, आरोग्य यांना त्यात मोठी जागा. गणित ऐच्छिक. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसानं मुलींना गणित सोडायची मोकळीक दिली, हे मला कधीच नीट पचलं नाही. त्यामागची कारणं समजतात. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत गणितावर आणि इंग्रजीवर मुली अडत होत्या. ज्यांचं शिक्षण पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरू झालं त्यांना तीच चाळणी लावणं अन्यायाचं होतं. दार रुंद करायचं तर उंबरठा खाली आणावा लागतो, हे कर्व्यांचं व्यवहारी शहाणपण. पण त्यामुळेच टीकाकारांना बोलायला जागा मिळाली. ‘स्वयंपाकाची पदवी’ असं लोक माईला तोंडावर म्हणायचे. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून मुलांच्या बरोबरीनं परीक्षा देऊन 1887 सालीच पदवीधर झाल्या होत्या. मग बायकांसाठी वेगळं, सोपं विद्यापीठ कशाला, असा प्रश्न विचारणारे सगळेच काही प्रतिगामी नव्हते.

माईनं गणित सोडलं होतं. तिला आवडत होतं तरी. कॉलेजात तिच्या वर्गातल्या जवळजवळ कुणीच घेतलं नव्हतं आणि एकटीला धीर झाला नाही. याची तिला खंत होती, आणि ती खंत तिनं कर्व्यांच्या भक्तीखाली झाकली नाही. अण्णांबद्दल ती देवाबद्दल बोलावं तसं बोलायची. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. पण गणिताचा विषय निघाला की म्हणायची, ‘ते मात्र अण्णांचं चुकलं.’ भक्ती आणि मतभेद एकाच दमात सांगायची ही रीत तिला कॉलेजनंच दिली असावी.

एरंडवण्याला आल्यावर मुलींना शहर मिळालं. त्या काळचा कर्वे रस्ता म्हणजे झाडांमधून जाणारी वाट, दोन्ही बाजूंना शेतं. रविवारी परवानगी घेऊन, चौघीपाचजणींच्या घोळक्यानं लकडी पुलापर्यंत चालत जायचं, पूल ओलांडून गावात शिरायचं, वह्या, दौत, टाकाची निबं घ्यायची आणि उजेड आहे तोवर परतायचं. वाटेत शेरे ऐकू येत. त्यावर मुलींनी तोडगा काढला होता. कुणी काही बोललं की सगळ्यांनी एकदम थांबायचं, मागे वळायचं आणि काही न बोलता त्या माणसाकडे बघत राहायचं. तो निघून जाईपर्यंत. माई म्हणायची, एकटीनं बघितलं तर निर्लज्ज ठरते, पाचजणींनी बघितलं की तोच लाजतो.

त्याच वर्षांत इरावती कर्वे विद्यापीठाच्या कुलसचिव झाल्या. अण्णांच्या सूनबाई, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या. माईचा त्यांच्याशी संबंध यायचं कारण नव्हतं. दोनचारदा लांबून पाहिलं असेल तेवढंच. पण तेवढंही तिला पुरलं होतं. कचेरीच्या कामकाजात एक तरुण बाई सही करते, पुरुष कारकून तिच्याकडे कागद घेऊन जातात आणि ती मान वर न करता प्रश्न विचारते, हे दृश्य त्या मुलींनी खिडकीतून पाहिलं आणि रात्री खोलीत त्याची नक्कल केली. उशी म्हणजे कागद, कंदील म्हणजे कचेरीचा दिवा, आणि प्रत्येकीनं आळीपाळीनं कुलसचिव व्हायचं.

परीक्षेचे दिवस मात्र सगळ्यांत न्यारे. या विद्यापीठात घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसता येत असे. त्यामुळे परीक्षा जवळ आली की ठिकठिकाणच्या बायका येत. कुणी जहागिरदारीण, कुणी शिक्षकाची बायको, कुणी दोन लेकरांची आई. वसतिगृहात गाद्या कमी पडत. बाळं रडत. माई आणि तिच्या मैत्रिणी स्वतःचा पेपर नसेल तेव्हा बाळं सांभाळायच्या. आत आई मानसशास्त्रातल्या बालमनाच्या वाढीवर उत्तर लिहितेय आणि बाहेर तिचं बालमन भोकाड पसरून बसलंय. एका बाईंचं बाळ कुणाकडेच राहीना. शेवटी माईनं त्याला परीक्षेच्या दालनाच्या खिडकीखाली आणलं, म्हणजे आईचं खोकणं तरी ऐकू येईल. ती आई पंधरा-पंधरा मिनिटांनी मुद्दाम खोकत होती आणि लिहीत होती. पास झाली. पुढे कितीतरी वर्षं संक्रांतीला तिचं तिळगुळाचं पाकीट माईला येत होतं, आत त्या ‘बाळाची’ खुशाली. शेवटच्या पाकिटात तो बाळ रेल्वेत इंजिनिअर असल्याचं लिहिलं होतं.

त्या बायका काय मिळवायला येत होत्या? ही पदवी घेऊन सरकारी नोकरीत वरची श्रेणी मिळणार नव्हती. मुंबई विद्यापीठ ती बी. ए.च्या बरोबरीची मानत नव्हतं. लग्नाच्या बाजारात शिक्षणानं किंमत वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता जास्त. आजच्या हिशेबानं पाहिलं तर सगळा आतबट्ट्याचा व्यवहार. तरी त्या येत होत्या, दागिना मोडून फी भरत होत्या, नवऱ्याची, सासऱ्याची, दिराची मनधरणी करत होत्या. मला म्हणूनच या मुली कर्व्यांच्या तोडीच्या वाटतात. कर्व्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांना निदान शिव्या तरी त्यांच्या नावानं मिळाल्या, आणि पुढे 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्नही मिळालं. या मुलींना घरच्या ओसरीवर जे ऐकावं लागलं त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. संस्थेच्या इतिहासात देणगीदाराचं नाव रकमेसकट येतं. कोण मुलगी कुणाचा विरोध पत्करून आली हे येत नाही. विद्यापीठ पैशानं उभं राहतं हे मान्य. पण त्या पहिल्या पाचजणी वर्गात येऊन बसल्या नसत्या तर भांडारकरांसारख्या कुलपतींचं करायचं काय होतं?

माई पास झाली आणि सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत लागली. तिथे तिच्या पदवीचा कागद मुख्याध्यापकांनी दोनदा वाचला आणि परत दिला. पगार पदवी नसलेल्यांच्या श्रेणीत. बरोबरचे पुरुष शिक्षक, त्यांच्यातले काही तिच्याकडून निबंध तपासून घेणारे, तिच्यापेक्षा जास्त पगारावर. ती दर वर्षी एक अर्ज लिहायची. अर्जाची भाषा दर वर्षी तीच, तारीख तेवढी वेगळी. 1951 साली कायदा लागू झाला, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ रीतसर विद्यापीठ झालं आणि कुलगुरू म्हणून लेडी प्रेमलीला ठाकरसी आल्या. वर्तमानपत्रातलं ते कात्रण माईनं अर्जाला जोडलं. श्रेणी बदलायला त्यानंतरही बराच काळ गेला आणि मागची थकबाकी कधीच मिळाली नाही. सेवापुस्तकातला तो रकाना तर कुणी दुरुस्त करायची तसदीही घेतली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, कोर्टात का नाही गेलीस? तर म्हणाली, ‘त्या पैशात मला काय मिळालं असतं ते मला ठाऊक आहे. त्या कॉलेजात काय मिळालं ते त्यांना ठाऊक नाही.’ मला हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं, आणि आजही पुरतं पटत नाही. पैसे तिच्या हक्काचे होते. ते मिळायलाच हवे होते.

निवृत्तीनंतर तिनं बीजगणित सुरू केलं. माझं आठवीचं पुस्तक होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले की दुपारी आम्ही दोघी ओसरीवर समीकरणं सोडवत असू. ती माझ्यापेक्षा हळू, पण चुका कमी. वर्गसमीकरणापर्यंत पोचली तेव्हा मी कॉलेजात होते आणि तिची दृष्टी गेली होती. मी मोठ्यानं वाचायची, ती मनातल्या मनात सोडवायची.

माझी भाची सध्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. हिंगणं आता कर्वेनगर झालंय. कर्व्यांच्या त्याच संस्थेनं 1991 साली तिथे मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. तिथे गणित ऐच्छिक नाही हे वेगळं सांगायला नको. भाची तिथे नाही, दुसऱ्या कॉलेजात आहे, मुलामुलींच्या एकत्र. तिच्या मते मुलींची वेगळी कॉलेजं आता बंद करावीत. आमचा यावर अनेकदा वाद होतो. ती म्हणते, जगात पुरुष आहेत, मग कॉलेजात का नकोत? मी तिला परीक्षेच्या दिवसांतल्या त्या बाळांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ‘ती पण बाबांनी सांभाळायला हवी होती ना, आजीच्या मैत्रिणींनी नव्हे.’ या मुद्द्यावर ती बरोबर आहे. पण तिच्या वसतिगृहात मुलींना रात्री साडेनऊच्या आत यावं लागतं आणि मुलांच्या इमारतीला कुलूप लागत नाही, हे तिनंच मला सांगितलं. मग मी विचारलं, एकत्र कॉलेजात हे असं, तर त्याविरुद्ध तुम्ही काय केलं? अर्ज दिलाय म्हणाली, बावीसजणींच्या सह्यांचा. मागच्या वर्षी दिला होता, या वर्षी पुन्हा दिला. मी म्हटलं, त्याची एक प्रत मला पाठव, माईच्या अर्जांच्या फायलीत लावते.